होकाराला लागलेली पाच वर्षे

पनवेलमध्ये बेने इस्राएल ज्यूंचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९पासून उभे आहे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे हे लोक. कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ख्रिस्ती शुभवर्तमान या भागात ज्यांच्या कानी लवकर पडले, त्यांत ते होते. अमेरिकन मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मुले जुना करार मराठीत वाचू लागली आणि बहुतेक सगळी आपल्याच धर्मात आणखी घट्ट रुजली. मिशनऱ्यांची निराशा झाली असेल. तरी आम्हाला वाटते, ज्याने ऐकून, वाचून, विचार करून ‘नाही’ म्हटले, त्याने त्या संदेशाला गंभीरपणे घेतले. नुसती मान डोलावणाऱ्याने तेवढेही केलेले नसते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. नवीन पनवेल, कामोठे, खारघर इथे इमारतींबरोबर प्रार्थनासभाही वाढल्या. सभा संपताना ‘ज्यांनी येशूला स्वीकारले त्यांनी हात वर करा’ असे सांगितले जाते आणि वर झालेल्या हातांचा आकडा पुढे आनंदाने सांगितला जातो. त्या क्षणाची कळकळ खरी असते. मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात स्वतः येशूने दोन मुलांचा दाखला दिला आहे. बापाने दोघांना मळ्यात कामाला जायला सांगितले. एक ‘जात नाही’ म्हणाला, मग मन पालटून गेला. दुसरा ‘जातो’ म्हणाला आणि गेलाच नाही. हात दोघांपैकी दुसऱ्यानेच वर केला असता.

आपल्या मराठी मुलखात पहिल्या मुलाची गोष्ट प्रत्यक्ष घडली आहे, फक्त तो मुलगा नव्हता. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. ज्या माहेरी वडिलांच्या कडक सोवळ्यापायी बाजारातले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई, तिथली ही मुलगी. काही वर्षे ती नवऱ्यापासून दूर राहिली. परत आली तेव्हाही तिने आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले, आणि टिळकांनी तिच्या सोवळ्याला ख्रिस्ती घरात जागा करून दिली. तिच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती झाली नाही.

तिचे मन बदलले ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जातीचा हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न ती स्वतःशीच घोळवत राहिली. माणसाने केला, असे उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचे खायला-प्यायला तिची हरकत उरली नाही. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. श्रद्धा आधी पाण्याच्या भांड्यापाशी पोहोचली, मग वेदीपाशी. आमच्या मते क्रम असाच हवा. ज्या श्रद्धेने घरातल्या पाण्याचा, पैशाचा, मोलकरणीच्या कपबशीचा प्रश्न अजून सोडवलेला नाही, तिला उत्तर म्हणता येईल का, हे मंडळीतल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आमच्या ख्रिस्ती घरांतून जात पुरती गेलेली नाही, हे आम्हाला जड मनाने मान्य करावे लागते.

मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप’ हा शब्द येतो. त्यात होरपळणे आहे, रडणे आहे. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ मात्र मन पालटण्याविषयी, विचाराची दिशा फिरण्याविषयी बोलतो. डोळे पाणावणे एका संध्याकाळी होते. दिशा फिरायला वेळ लागतो, आणि तो ज्याचा त्याला द्यावा लागतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले की, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्या निकालावर ख्रिस्ती समाजात नाराजी आहे आणि तिला कारणेही आहेत. पण एक माणूस दुसऱ्याला श्रद्धा देऊ शकत नाही, एवढे तर आमचे धर्मशास्त्रही सांगते. सांगणे आपले, पालटणे त्याचे.

म्हणून ज्या घरात नवरा उपासनेला येतो आणि बायको देवघरात दिवा लावते, तिथे तिला ‘अजून अंधारात’ म्हणू नये. तिच्या दिव्यापुढे वाद घालू नये. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले आणि १९१९ मध्ये ते अपुरे टाकून गेले. उरलेले, म्हणजे त्याचा फार मोठा भाग, पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले.