शेळीच्या पोटाचा हिशेब



ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या दारात दोन शेळ्या असतात. हीच त्या घरची बँक. पोरांची फी, दवाखाना, अडलेले भाडे, सारे या बँकेतून निघते आणि बहुतेक घरी हे खाते बाईच्या हाती असते. पण ही बँक एका रात्रीत बुडू शकते. त्याला चोर लागत नाही. पाटीभर शिळा भात पुरतो.

लग्नसराईत हे नेहमी घडते. पंगती उठल्या की उरलेला भात, चपात्या, बुंदी शेळ्यांपुढे ओततात. अन्न वाया जाऊ नये हा हेतू चांगलाच. एका वस्तीत अशीच एक गाभण शेळी पोटभर भात खाऊन दुसऱ्या दिवशी आडवी पडली आणि संध्याकाळपर्यंत गेली. लोक म्हणाले, नजर लागली. शेजारणीवर संशय गेला आणि दोन घरांचे बोलणे तुटले. खरे कारण शेळीच्या पोटात होते. ते समजून घेतले असते तर शेळीही वाचली असती आणि शेजारही.

शेळीचे पोट आपल्यासारखे नसते. त्याला चार कप्पे असतात. सर्वांत मोठ्या कप्प्याला कोठीपोट म्हणतात. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. पाला, गवत, भुसकट कुजवून पचवण्याचे काम तेच करतात. म्हणजे आपण आधी त्यांना खाऊ घालतो आणि मग ते शेळीला पोसतात. त्यांना चाऱ्याची सवय असते. एकदम भात, पीठ किंवा धान्य पडले की कोठीपोटात भराभर आम्ल तयार होते. दूध आंबवून दही करणारे जे आम्ल, तेच हे. ते वाढले की चारा पचवणारे जीव मरतात. शेळी रवंथ थांबवते, दात खाते, सुस्त होते, आंबूस वासाची पातळ हगवण लागते. वेळेत उपचार झाला नाही तर ती दगावते.

म्हणून नियम एकच. शेळीचा चारा कधीही एकदम बदलू नये. नवा चारा किंवा खुराक मूठभरापासून सुरू करून दहा-पंधरा दिवसांत वाढवावा. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण ३ ते ४ किलो हिरवा चारा, १ किलो वाळलेला चारा आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक पुरतो. खुराक दोन वेळा विभागून द्यावा. धान्याचे पोते शेळीचे तोंड पोहोचेल अशा जागी ठेवू नये. स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे.

पावसाळ्यात जास्त जपावे. ओला, कोवळा लसूणघास किंवा हरभऱ्याचा पाला उपाशी शेळीने खाल्ला की पोट फुगते. सकाळी आधी थोडे वाळलेले भुसकट किंवा कडबा द्यावा आणि दव उडाल्यावर चरायला सोडावे. फुलोऱ्यात न आलेली कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्यावाचून खुरटलेली, विषारी असते. तिच्याकडे शेळी फिरकू देऊ नये. सुबाभूळ चांगली, पण तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. भाजीची साले देताना पिशवीची गाठ सोडूनच द्यावीत. प्लास्टिक पचत नाही, ते पोटात साठून राहते.

पोटफुगी ओळखायची कशी? डावी कूस फुगते आणि टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज येतो. अशा वेळी शेळीचे पुढचे पाय उंचावर ठेवून तिला उभी करावी आणि ५० ते १०० मिलिलिटर गोडेतेल सावकाश पाजावे. भात-धान्य जास्त खाल्ले असेल तर खुराक पूर्ण बंद करून फक्त वाळलेला चारा ठेवावा आणि १५ ते २० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर पाण्यात विरघळवून द्यावा. पाजताना मान फार वर करू नये, नाहीतर औषध फुप्फुसात जाते. आडव्या पडलेल्या शेळीला काही पाजूच नये. हे उपाय दवाखान्यात पोहोचेपर्यंतचे आहेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच न्यावे किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. अंगारे-धुपाऱ्यात गेलेला तास परत मिळत नाही.

आणखी एक रोग याच वाटेने येतो. त्याचे नाव आंत्रविषार. त्याचे जंतू आतड्यात थोडे असतातच. पहिल्या पावसाचे कोवळे गवत किंवा जास्त खुराक एकदम मिळाला की ते वाढून विष सोडतात. धडधाकट करडूसुद्धा काही तासांत मरते. त्यावर लस आहे. ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात टोचून घ्यावी. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो.

आता आपणच हिशेब करा. एका बाजूला मूठभर सोडा, वाटीभर तेल आणि वर्षातून एकदा लस. दुसऱ्या बाजूला गाभण शेळी आणि तिच्या पोटातली करडे. यंदा पंगत उठली की उरलेला भात माणसांतच वाटून टाका आणि शेळीपुढे बाभळीचा पाला टांगा.