गिअरबॉक्स मोठा केला, ब्रेकचं काय?



ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की आपल्याकडं गॅरेजपुढं ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करून ठेवलेले दिसतात. त्यात एक नवी टूम बघतोय. फोर बाय फोर ट्रॅक्टर घ्यायचा, दोन ट्रॉल्या जोडायच्या, आणि गिअरचे दात तुटले की जास्त एचपीच्या मॉडेलचा जुना, दणकट गिअरबॉक्स आणून आत बसवायचा. वरून सांगायचं, "आता टाक किती टाकायचा तेवढा ऊस, काही होत नाही."

होतं. आणि जे होतं ते गिअरबॉक्सच्या खर्चापेक्षा मोठं असतं. म्हणून ही नोंद.

पहिलं, दात तुटतात का ते समजून घ्या. इंजिनचा टॉर्क लो-फर्स्टमध्ये मागच्या चाकाशी पोचेपर्यंत मॉडेलप्रमाणं शे-दोनशे पट वाढतो. एवढी ओढ टायर जमिनीवर उतरवूच शकत नाही. साध्या टू व्हील ड्राईव्हमध्ये लोड जास्त झाला की चाक जागेवर फिरतं, आपण शिव्या देतो. पण ते फिरणारं चाक म्हणजे फ्यूज आहे. ते घसरतं म्हणून आतले दात वाचतात. आता आपण काय केलं? पुढच्या चाकांना ड्राईव्ह दिला, टायरमध्ये पाणी भरलं, वर वजनं लावली. घसरण थांबली, म्हणजे फ्यूज काढून तार बांधली. मग वायरिंग जळलं तर दोष वायरिंगचा कसा?

तार आणखी जाड केली की काय होतं? कमजोर जागा पुढं सरकते. गिअरबॉक्स टिकला तर क्राऊन-पिनियन जातो, तो टिकला तर हाफ शाफ्ट, नाहीतर हाऊसिंगला तडा. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसी नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा हाच त्याचा कणा. त्यात एक मणका दुसऱ्या जनावराचा बसवायचा म्हटलं तर बोल्टची भोकं जुळली एवढ्यावर भागत नाही.

फोर बाय फोरमध्ये आणखी एक भानगड आहे. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जरा जास्त वेगानं फिरतील, साधारण १ ते ५ टक्के, असा हिशोब कंपनीनं दातांचा आणि टायरच्या मापाचा मेळ घालून बसवलेला असतो. मागचा क्राऊन-पिनियन वेगळ्या दातांचा आला की तो मेळ मोडतो. मग पुढचं आणि मागचं चाक एकमेकांशीच झटत राहतात. टायर झिजतात, पुढचा एक्सल ओरडायला लागतो, आणि मिस्त्री म्हणतो, "नवीन हाय, बसंल हळूहळू."

कंपन्या हे कसं करतात ते बघा. टोयोटाचा हायलक्स हा फोर बाय फोर पिकअप आपल्याकडं २०२२ मध्ये आला. इंजिन एकच, २.८ लिटरचं. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत टॉर्क ५०० न्यूटन मीटर आणि हातानं गिअर टाकायच्या गाडीत ४२०. म्हणजे गिअरबॉक्स, इंजिन, कूलिंग सगळं एकत्र बसून ठरतं. आपण मात्र भंगारातून एक तुकडा आणतो आणि बाकीचं देवावर सोडतो.

आता मुद्द्याचं. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि २० टन ऊस मिळून २६ टन धरा. १:२० च्या उतारावर हे वजन ट्रॅक्टरला पुढं ढकलतं १,३०० किलोच्या जोरानं. ट्रॅक्टर स्वतः अडीच टनाचा. त्याच्या मागच्या चाकांची कोरड्या डांबरीवरची पकड जेमतेम टनभर, थोडी वर. चाकांच्या घर्षणानं काही भार हलका होतो, म्हणून गाडी कशीबशी तोलली जाते. पण पुढं म्हैस आडवी आली तर ती थांबवायला हातात फारसं काही उरत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक किती जणांकडं आहेत? धारूरच्या घाटात वळणावर हा हिशोब मांडायला वेळ मिळत नाही. मोठा गिअरबॉक्स चढ चढवतो. उतार त्याच्या हातात नाही. आणि त्या उसावर आपलीच कोयता घेतलेली माणसं, लेकरं बसलेली असतात.

कायदाही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत फरक करण्याविरुद्ध आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठळक केलं. कलम १९४ मध्ये जादा लोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड लिहिलेला आहे. अपघात झाला की विमावाला आधी हेच कागद काढतो.

कुणी म्हणेल, "हप्ता कोण भरणार? उचल कोण फेडणार?" रास्त प्रश्न आहे. पैसा टनावर मिळतो आणि गव्हाणीपुढं एकेका नंबराला दिवस जातो, म्हणून माणूस एकाच खेपेत दोन खेपांचा ऊस रचतो. पण हे कारखान्याला माहीत नाही का? प्रत्येक खेप वजनकाट्यावरून जाते. किती टन आला ते पावतीवर छापून येतं. म्हणजे जादा लोडचा सगळ्यात पक्का पुरावा कारखान्याच्याच दप्तरात आहे, आणि तरी दोष ड्रायव्हरचा. हे चालणार नाही. ट्रॉलीला ब्रेक असल्याशिवाय वाहतूक करार करू नये, ठराविक वजनाच्या वरच्या टनाला भाडं देऊ नये, आणि रांगेत उभं राहिल्याचे पैसे द्यावेत. या तीन गोष्टी झाल्या तर कुणी गिअरबॉक्स बदलायला जाणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. तोडीआधी पंधरा दिवस पाणी तोडा, रान घट्ट राहील. फडातून एकेकच ट्रॉली, तीही अर्धी भरून बाहेर काढा आणि उरलेली रस्त्यावर भरा. ओल्या काळ्या रानात भरल्या ट्रॉलीनं जमीन दाबली की खोडव्याची मुळी तिथंच अडते, हे कृषी सहायकाला विचारून बघा. उतारावर न्यूट्रल कधीच नको. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आणि गिअरबॉक्सला घालायचे पैसे आधी ट्रॉलीच्या ब्रेकला घाला.

ज्याला पटत नाही त्यानं आपल्या ट्रॅक्टरचं आणि खेपेचं वजन घेऊन हाच हिशोब मांडून दाखवावा. बसून बोलू.