चिठ्ठी फाडणारं औषध



परवा आमच्या हातकणंगल्याच्या शाळेत चौथीच्या मुलांना शरीराचे अवयव शिकवत होते. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, माझ्या काकांच्या लिव्हरला आतून वण पडलेत म्हणे. ते खोडरबरनं पुसता येत नाहीत का?" सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही. कारण मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा हाच प्रश्न विचारतात, बरं का!

लिव्हर म्हणजे यकृत. पोटात उजवीकडे, बरगड्यांखाली असतं. मोठ्या माणसाचं साधारण दीड किलोचं. ते पित्त तयार करतं, साखर साठवतं, रक्तातली विषारी द्रव्यं निकामी करतं. पण काविळीचे काही विषाणू, दारू किंवा साठलेली चरबी यांनी त्याला पुन्हा पुन्हा इजा झाली, की गुडघा फुटल्यावर वण राहतो ना, तसे वण आत राहतात. ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या चिवट धाग्यांचे असतात. धागे वाढत गेले, की मऊ यकृत कडक होतं आणि त्याचं काम बिघडतं.

आता शाळा डोळ्यांसमोर आणा. मुख्याध्यापकांच्या कपाटात सूचनांची एक मोठी वही आहे. ती बाहेर न्यायची नाही. सूचना चिठ्ठीवर उतरवतात, शिपाईमामा ती वर्गात आणतात आणि काम सुरू होतं. पेशीतही तसंच! वही म्हणजे आपली जनुकं आणि चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी पोचली, की प्रथिन तयार होतं. मग चिठ्ठी वाटेतच फाडली तर? वही शाबूत, पण काम बंद! यालाच जनुक 'गप्प करणं' म्हणतात.

याची सुरुवात गमतीची आहे. १९९० मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञ पेटुनियाची जांभळी फुलं आणखी गडद करायला गेले, तर काही फुलं चक्क पांढरी झाली! असं का होतं, ते १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एक मिलिमीटर लांबीच्या किड्यावर प्रयोग करून शोधलं. २००६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

यकृतात वणाचे धागे विणणाऱ्या पेशी 'अ' जीवनसत्त्व साठवतात. जपानमधल्या सप्पोरोच्या शास्त्रज्ञांनी नेमकं हेच हेरलं. चिठ्ठी फाडणारं औषध त्यांनी चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरलं आणि थेंबांना 'अ' जीवनसत्त्व जोडलं. पेशींनी खाऊ समजून ते आत घेतलं! कोलॅजेन जुळवायला मदत करणाऱ्या प्रथिनाची चिठ्ठी फाटली आणि उंदरांच्या यकृतातले वण कमी झाले. हे २००८ सालचं. पुढे माणसांवरही चाचण्या झाल्या, पण वणांवरचं असं औषध अजून दवाखान्यात मिळत नाही. नसांच्या एका आनुवंशिक आजारावर मात्र याच युक्तीचं पहिलं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

मग तोवर हातावर हात ठेवून बसायचं? मुळीच नाही! एकेकाळी आपल्याकडे तान्ह्या मुलांचं यकृत कडक होऊन ती दगावत. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध कधीपासून दिलं? ते कशात तापवलं? तेव्हा लक्षात आलं, की तांब्या-पितळेच्या भांड्यातलं तांबं दुधात उतरून बाळाच्या यकृतात साठत होतं. भांडी बदलली आणि हा आजार दुर्मीळ झाला. पितळी भांड्यांना कल्हई का करतात, ते आता आजीला विचारा!

आणि पालकहो, काविळीच्या 'बी' विषाणूची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत तिचा पहिला डोस द्यायचा असतो. तेवढं विसरू नका.

त्या मुलाला मी सांगितलं, "खोडरबर तयार होतंय रे, अजून हातात आलेलं नाही. पण काकांना म्हणावं, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य आणि औषध चुकवू नका. वण पाडणारं कारण थांबलं, तर यकृत स्वतःच थोडे थोडे वण पुसू शकतं."

तो पळतच घरी गेला. तुम्हीही घरी सांगाल ना?

तुमच्या,
बाई