द्राक्षाला परवाना, विद्यार्थ्याला प्रतीक्षा



वणीच्या परिसरात द्राक्षाचा हंगाम कसा सांभाळला जातो, हे आपणांस सांगावयास नको. दिंडोरी तालुक्यातील घड पेट्यांत भरले जातात आणि गारव्याच्या कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरामार्गे नेदरलँड्स व ब्रिटनपर्यंत जातात. निर्यातीच्या बागेची सरकारदरबारी नोंद असते, घडावर औषधाचा अंश किती हे प्रयोगशाळेत तपासले जाते, रोगमुक्ततेचा दाखला निघतो. हे सारे हंगामात व्हावे लागते. कारण दाखला उशिरा आला तर माल सडेल, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता ज्यांच्या आयाबहिणींनी ते घड खुडले, त्यांच्या मुलामुलींकडे पाहा. त्यांनाही त्याच ब्रिटनला जावयाचे आहे, ज्ञान घेण्यासाठी. त्यांचाही एक हंगाम आहे. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात, त्यापूर्वी व्हिसा हाती पडावा लागतो. त्यांचा दाखला मात्र हंगामात निघत नाही. द्राक्ष सडू नये याची चिंता वाहणाऱ्या राज्यव्यवस्थेला विद्यार्थ्याचे वर्ष सडले तरी त्याचे काहीच वाटू नये काय?

व्हिसा म्हणजे परक्या देशात प्रवेश करण्याचा परवाना. तो कोणाला द्यावा हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या देशाचा आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्या दारावर विद्यार्थ्याची बुद्धी तपासून झाल्यावर त्याची थैलीही तपासली जाते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. ब्रिटनमध्ये लंडनच्या विद्यार्थ्याने निर्वाहासाठी दरमहा 1,529 पौंड याप्रमाणे 9 महिन्यांची रक्कम, म्हणजे 13,761 पौंड, दाखवावी असा दर नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. ही रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरोंची अट घातली. ज्या घरात वर्षभराच्या मजुरीतून धान्य आणि औषधपाणी भागवावे लागते, त्या घराने ही रक्कम आणावी कोठून?

येथेच सावकार पुढे येतो आणि त्याच्यामागून एजंट येतो. "महिनाभरासाठी खात्यात पैसे ठेवून देतो, व्याज तेवढे द्या," असे तो गोड शब्दांत सांगतो. कोणी एकर-अर्धा एकर गहाण टाकतो, कोणी बनावट कागदांना बळी पडतो. बंधूंनो, हा मार्ग विनाशाचा आहे. ब्रिटनमध्ये फसवणूक उघडकीस आली तर 10 वर्षांपर्यंत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तेथे नोकरी करून कर्ज फेडू, हा हिशेबही कच्चा आहे. पदवीनंतर तेथे राहण्याची मुभा 2 वर्षांवरून 18 महिन्यांवर आणण्याचे ब्रिटनने ठरविले आहे आणि 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना ते लागू आहे. पीएच.डी. करणाऱ्यांना तेवढी सवलत ठेवली आहे. दुसऱ्याच्या देशाचे नियम रातोरात बदलतात. सावकाराचा नियम मात्र कधी बदलत नाही.

मग उपाय काय? उपाय त्या कायद्यातच आहे. विद्यार्थ्याचे शुल्क व निर्वाह त्याच्या देशाचे सरकार सोसत असेल, तर त्या सरकारचे पत्र ब्रिटनचा व्हिसा-नियम पुरावा म्हणून स्वीकारतो. अमेरिकेतील विद्यापीठेही शिष्यवृत्तीचे पत्र ग्राह्य धरतात. म्हणजे गरिबाच्या मुलाला बँकखाते नसले तरी चालेल. शिष्यवृत्तीचे पत्र हेच त्याचे बँकखाते होय. आणि म्हणूनच ते पत्र उशिरा देणे म्हणजे त्याचे खाते रिकामे करणे होय!

अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू आहे. तिच्या जागा 125. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा 75. पण 2025 च्या जुलैमध्ये काय घडले? केंद्राच्या योजनेत निवडलेल्या 106 जणांपैकी प्रथम केवळ 40 जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. उरलेल्या 66 जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील, असे सांगण्यात आले. जुलै महिना, वर्ग दोन महिन्यांवर आणि हाती 'झाल्यास' हा एक शब्द! व्हिसा-अधिकाऱ्यापुढे 'झाल्यास' ठेवता येतो काय? त्याच वर्षी अमेरिकेने मेच्या अखेरीपासून काही आठवडे विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या भेटी देणे थांबविले होते. ज्याचे कागद आधीच तयार होते, तो त्यातून तरला. जो आपल्याच सरकारच्या पत्राची वाट पाहत होता, त्याच्यावर दुहेरी घाला पडला.

भत्त्याचेही तसेच. ब्रिटनमधील निर्वाहासाठी या योजनांत कित्येक वर्षे वर्षाला 9,900 पौंड ठरलेले होते. ब्रिटनने आपली अट वाढवीत नेली आणि येथील आकडा फाईलमध्ये झोपून राहिला.

काही सुखवस्तू मंडळी विचारतील, "यांना परदेश हवाच कशाला? येथे महाविद्यालये नाहीत काय?" त्यांना आमचा प्रतिप्रश्न आहे. 2024 या एका वर्षात साडेसात लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिक्षणासाठी परदेशी गेले. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला? लाखोंच्या प्रवाहाला कोणाची हरकत नाही आणि 200 जागा डोळ्यांत सलतात, याचा अर्थ हरकत परदेशाला नसून आमच्या जाण्याला आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण आठवा. 1913 साली सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. त्या काळी विद्यार्थ्याला आजच्यासारखा व्हिसा काढावा लागत नसे. भारतात प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करणारा कायदासुद्धा 1920 चा. तरीही 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जाण्यास 1920 उजाडले, तेही स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज जमल्यावर. पैशाअभावी बाबासाहेबांची तीन वर्षे गेली, तेथे आपल्या लेकरांची काय कथा! म्हणूनच 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी अनुदान मागितले. ती भीक नव्हती. ती हक्काची मागणी होती.

आमच्या मागण्या तीन आहेत. शिष्यवृत्तीचे अंतिम पत्र मेअखेर हाती पडावे. जितक्यांची निवड, तितक्यांचा निधी निवडीपूर्वीच बाजूला काढलेला असावा. आणि परदेशाने निर्वाहाची अट वाढविली की त्याच वर्षी भत्ता वाढावा.

परंतु केवळ सरकारला दोष देऊन आपले कर्तव्य संपत नाही. मुलगा बारावीत असतानाच जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र काढून ठेवा. 1990 च्या कायद्याने धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे. दीक्षा घेतल्याने हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास मान खाली घालू नका. दीक्षेनंतर ज्यांनी नाव वा आडनाव बदलले, त्यांनी राजपत्रात नोंद करून प्रत्येक कागदावर एकच नाव आणावे. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडतो. पासपोर्टसाठी नाशिकचे सेवा केंद्र आहे, तेथे दलालाची गरज नाही. आणि जमिनीचा सातबारा कोणत्याही एजंटाच्या हाती देऊ नका.

1930 साली याच नाशिकात काळारामाच्या दारावर आपले वाडवडील उभे राहिले, तेव्हा जन्म पाहून दार बंद झाले होते. आजचे दार पैसा पाहून बंद होते आणि त्याची किल्ली आपल्याच शासनाच्या टेबलावर पडून असते. ती किल्ली वेळेवर मागून घ्या. याचना करून नव्हे, तर ताठ मानेने!

जय भीम!