वाईन, चॉकलेट आणि उसनी रसिकता

वसमतसारख्या गांवीं घरोघर चर्चा चालते ती हळदीच्या भावाची आणि उसाच्या तोडणीची. तेथें "तांबड्या वाईनबरोबर कोणतें चॉकलेट शोभतें?" हा प्रश्न एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत उपस्थित व्हावा, हें प्रथमदर्शनीं विनोदाचें वाटेल. परंतु मागील दिवाळींत तो माझ्याच घरीं उपस्थित झाला. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्यानें बाटली उघडली, काळें चॉकलेट फोडलें, आणि "मामा, हा जगन्मान्य संयोग आहे" असें मला बजावलें. मीं दोन्ही चाखलें. वाईन आंबट लागली, चॉकलेट कडू लागलें, आणि सभोंवतालची मंडळी मात्र "वाहवा" म्हणत होती. माझा वाद आहे तो त्या वाहवेशीं.

मद्यनिषेधाचें प्रवचन मला करावयाचें नाहीं. तसें करणारा मनुष्य पेला हातीं घेत नाहीं. प्रश्न निव्वळ रुचीचा आहे. कोरड्या तांबड्या वाईनमध्यें द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा असतो. कोकोच्या बियांतहि तशींच तुरट द्रव्यें विपुल असतात. तुरटावर तुरट चढला म्हणजे जीभ आखडते. शिवाय चॉकलेटांतील साखर जिभेवर रेंगाळत असतां वाईनमधील गोडवा लोपतो आणि आम्ल तेवढें उघडें पडतें. जिलबीवर घेतलेला चहा फिका कां लागतो हें ज्यास ठाऊक आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको.

म्हणूनच जाणत्या परदेशीयांचा नियम असा कीं, पेय हें खाद्याहून अधिक गोड असावें. फ्रान्सच्या दक्षिण टोंकाशीं बान्यूल्स येथें रस आंबत असतांच त्यांत स्पिरिट घालून ती क्रिया मध्येंच थांबवितात, त्यामुळें द्राक्षाची साखर शिल्लक राहते. पोर्तुगालची पोर्टहि तशीच. अशी वाईन चॉकलेटशीं जुळते, हें मी मोकळ्या मनानें मान्य करतों. परंतु आमच्याकडे भेटपेटींत रेशमी फीत बांधून आली ती कोरडी बाटली! म्हणजे अनुकरण करावयाचें, तेंहि अर्धवट.

बरें, ही जोडी फार प्राचीन आहे म्हणावें, तर तेंहि नव्हे. मेक्सिकोंतील लोक कोको पीत, तो साखरेवांचून आणि बहुधा मिरची घालून. खाण्याची चॉकलेटची वडी ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें १८४७ सालीं काढली. दुधाचें चॉकलेट स्वित्झर्लंडांत १८७५ सालीं झालें. बोर्दोच्या द्राक्षमळ्यांपुढें हें कालचें पोर आहे. उलट पुरणपोळीशेजारीं कटाची आमटी कोणी वाढली? आमरसांत सुंठ आणि तूप कोणी घातलें? गोडाला तिखट-आंबटाची आणि जड पदार्थाला पाचकाची साथ द्यावी, हें ज्या स्वयंपाकघरांना कळलें, त्यांतल्याच लेकरांनीं आज आपली जीभ छापील पत्रिकेच्या स्वाधीन करावी, याचें मला दुःख होतें.

दुःखाहून अधिक राग येतो तो दुटप्पीपणाचा. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि अबकारीचें उत्पन्न हा त्या सरकारचा एक मोठा आधार होता. तेव्हांपासून शिंदी आणि मोहाची दारू पिणारा मनुष्य आम्हां पांढरपेशांच्या लेखीं बेवडा ठरला. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां मात्र "वाईन म्हणजे दारू नव्हे" असें ऐकूं आलें. मोहाची दारू ऊर्ध्वपातनानें काढलेली, म्हणून अधिक जहाल, हें खरें. पण मग पोर्टमध्यें ओतलेलें स्पिरिट काय गंगाजल आहे? १९४९ चा दारूबंदीचा कायदा या राज्यांत अद्याप उभा आहे, आणि तो वाईनलाहि परवाना मागतो. कायद्याला जो भेद इतका नाजूक दिसत नाहीं, तो आमच्या दिवाणखान्याला मात्र चटकन दिसतो.

कोणी म्हणेल, यांत नाशिकच्या शेतकऱ्याचें हित आहे. असेल, तें व्हावें. परंतु वाईनचीं द्राक्षें निराळ्या जातींचीं, आणि आपल्याकडील बहुतेक बागा खाण्याच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षांच्या. शिवाय, चुकीच्या पदार्थाबरोबर घेऊन तोंड वांकडें करणारें गिऱ्हाईक नाशिकला किती दिवस पुरणार? नाशिकची वाईन तिच्या गुणावर खपावी, आणि तिचा गुण कशाबरोबर खुलतो हें ज्यानें त्यानें आपल्या जिभेला विचारावें.

मीं विचारलें. बाटलींत उरलेली वाईन दुसऱ्या संध्याकाळीं फराळाच्या चकलीबरोबर घेतली, आणि ती चांगली लागली. मीठ आणि तेल यांनीं तिचा तुरटपणा बोथट झाला. भाच्यास तसें पत्रानें कळविलें. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.