धुरातला शिष्टाचार

आग लागली की माणसे किंचाळत धावत सुटतात, एकमेकांना तुडवतात आणि त्यातच बरीचशी दगावतात, असा आपला एक पक्का समज आहे. चित्रपटांनी तो आपल्या डोळ्यांत भरवला आणि वर्तमानपत्रांनी ‘घाबरून सैरावैरा’ हे दोन शब्द कायमचे जुळवून ठेवले. पण ज्यांनी आगीतून सुटलेल्या माणसांना स्वस्थपणे बसवून विचारले, त्यांना बहुधा उलटेच उत्तर मिळाले. माणसे लवकर पळत नाहीत, उशीर करतात. आधी नाक फेंदारून वास घेतात, मग शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात, मग ‘काही नाही हो, कुणाचे तरी दूध करपले असेल’ म्हणतात, आणि निघायचे ठरलेच तर चपला शोधतात. तेवढ्या अवधीत धूर जिना चढून वर आलेला असतो.

आपल्याकडे म्हण आहे : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ही म्हण आपण नेहमी बंबवाल्यांवर उगारतो. बंब उशिरा आला, बंबात पाणी नव्हते, गल्लीत बंब शिरेना — सगळा राग त्या बिचाऱ्या बंबावर. पण बंब कितीही चपळ असला तरी आग दिसल्यापासून तो दाराशी येईपर्यंतची काही मिनिटे कुणाची? ती घरात बसलेल्या माणसाची असतात. त्या मिनिटांत आग रामेश्वरी आणि आपले मन सोमेश्वरी असते, हे मात्र म्हण सांगत नाही.

या मनाचा शोध घेणारा एक प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवले आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडला. खोलीत एकटेच बसलेल्या २४ जणांपैकी १८ जण उठून बाहेर सांगायला गेले. मग प्रत्येकाबरोबर दोन ‘सामील’ माणसे बसवली. धुराकडे एकदा पाहायचे, खांदे उडवायचे आणि पुन्हा लिहू लागायचे, एवढेच त्यांचे काम. अशा बैठकीत बसलेल्या १० जणांपैकी उठला फक्त १. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर वारत प्रश्नावली भरीत राहिले. नंतर विचारले तेव्हा कुणी म्हणाला, वाफ असेल. कुणी म्हणाला, खरे बोलायला लावणारा वायू असेल! आग असेल असे मात्र त्यांना वाटले नाही. कारण शेजारचे दोघे शांत होते ना!

याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. हा शिष्टाचार आहे. चारचौघांत आपण उगीच ओरडलो आणि काहीच निघाले नाही तर हसे होईल, ही भीती धुराच्या भीतीहून मोठी ठरते. पुणेकराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. हसे होण्यापेक्षा भाजलेले परवडले, असे मानणारे गृहस्थ आपल्या पेठांत पुष्कळ आहेत.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात आगीच्या वेळची कवायत झाली. घंटा वाजली. प्राध्यापकांच्या खोलीत एकाने प्रथम घड्याळ पाहिले; तास संपायला अवकाश होता. एका बाईंनी डबा शांतपणे बंद करून पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली आणि मग छत्री शोधू लागल्या. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘यासंबंधीचे परिपत्रक आले आहे काय?’ असे विचारून पुन्हा बैठक मारली. शेवटी शिपाईमामा दारात येऊन ‘सर, निघा की आता, खाली मोजदाद चाललीय’ असे जरा चढ्या आवाजात म्हणाले, तेव्हा सारे उठले. मुले त्या मानाने लवकर निघाली. पण झाडून सगळी मधल्या मोठ्या जिन्याने. मागच्या बाजूला खास संकटासाठी म्हणून बांधलेला जिना आहे. त्याच्याकडे कुणी फिरकलेसुद्धा नाही. रोज ज्या वाटेने येतो त्याच वाटेने जायचे, हे मुलांना कुणी शिकवावे लागत नाही.

ही खोड जगभरची आहे. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ नावाच्या एका रंजनगृहात वाद्यवृंदाच्या शोभेच्या दारूने आग लागली. इतर दारे असताना बहुतेकांनी ज्या दाराने आत आलो तेच गाठले. दारात माणसांचा बोळा बसला. १०० माणसे गेली.

आता आपल्या घरची गोष्ट. आग नव्हे, पाणी. पण माणसाचे वागणे तेच. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, तो लोंढा खडकवासल्यावर आदळला, तेही धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या पिढीतली माणसे आता थोडी उरली. पण माझ्या लहानपणी ती पुष्कळ होती आणि सांगण्यात एक गोष्ट हटकून यायची : सकाळी नदी चढू लागली तेव्हा लोक घर सोडून गेले नाहीत, पूर बघायला गेले. मुठेला पूर दर पावसाळ्यात येतो. त्यात नवीन ते काय? आणि दुसरी गोष्टही तितकीच हटकून यायची : आम्ही निघालो ते शेजारच्या अमक्याने हाताला धरून ओढले म्हणून. धोक्याची सूचना कानांवर पडून माणूस हलत नाही. ओळखीच्या माणसाचा हात दंडाला लागला की हलतो. हे शहाणपण त्या पिढीने किती मोल देऊन घेतले!

म्हणूनच ‘घबराट’ या शब्दाविषयी मला तक्रार आहे. मी भाषेचा मास्तर, तेव्हा शब्दावर अडून बसण्याचा माझा हक्क वाचक मान्य करतील. दुर्घटना झाली की ‘घबराटीमुळे चेंगराचेंगरी होऊन’ असे लिहिले जाते. वाचायला ते नैसर्गिक वाटते, पण त्या वाक्यात एक अन्याय लपलेला असतो. दोष मेलेल्यांच्या माथी जातो आणि जिना सुटतो. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक गेले. वाट अरुंद, पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या, आणि पुढे माणसे पडली आहेत हे मागच्या गर्दीला दिसतच नव्हते. मागून रेटणारा माणूस भ्यालेला नव्हता. त्याला तर देवीचे दर्शन घ्यायचे होते.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचे असेच. १३ जून १९९७ ला दुपारच्या खेळात तळमजल्यावरच्या रोहित्रातून आग लागली आणि धूर वरच्या सज्जात शिरला. ५९ जण गुदमरून गेले. न्यायालयात पुढे जे आले ते असे : जादा खुर्च्या बसवून सज्जातली एका बाजूची वाट बंद केलेली, दिवे गेलेले, आणि प्रेक्षकांना ‘उठा, बाहेर पडा’ असे सांगणारी एकही घोषणा नाही. आणि मुंबईतले कमला मिल २०१७ सालच्या २९ डिसेंबरचे, मध्यरात्रीनंतरचे. गच्चीवरच्या उपाहारगृहात १४ जीव गेले, त्यांतले बहुतेक प्रसाधनगृहात सापडले. तिथे पाणी असते, दार लावून घेता येते, म्हणून माणूस आसऱ्याला तिकडे वळतो. विचार वेडगळ नव्हता. पण धुराला दाराची फट पुरते. ज्यांना बाहेरची वाट कुणी आधी दाखवली नव्हती, त्यांनी आपल्या अकलेने जे सुचले ते केले. त्यांना घाबरट म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

आपल्या वाङ्मयातले सर्वांत जुने अग्निसुटकेचे आख्यान महाभारताच्या आदिपर्वात आहे. लाखेच्या घराची गोष्ट आपण कपटाची म्हणून सांगतो. मला ती तयारीची गोष्ट वाटते. विदुराने इशारा आधी दिला. मग खणणारा एक माणूस पाठवला आणि त्याने घराच्या आतून भुयार खणले. पांडव त्या घरात वर्षभर राहिले, पण बाहेर पडायची वाट कुठे आहे हे ठाऊक असलेल्या माणसांसारखे राहिले. आग लागली त्या रात्री कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. त्या भुयाराला मूळ संस्कृतात ‘सुरुंगा’ म्हटले आहे. मराठीत येऊन तो शब्द खडक उडवण्याच्या दारूला चिकटला. वाचवणारी वाट विसरली आणि स्फोट तेवढा लक्षात राहिला, यात भाषेने आपलेच वर्णन केले आहे.

पण त्या आख्यानात एक निषादी आणि तिचे पाच मुलगेही आहेत. कुंतीने दिलेल्या भोजनाला ती आली होती. खाऊनपिऊन ती माणसे तिथेच झोपली आणि जळाली. त्यांना भुयाराचे कुणी सांगितले नव्हते. सकाळी लोकांनी त्यांचीच प्रेते पांडवांची समजून शोक केला. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कापडाच्या एका दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपले होते, आणि दाराला बाहेरून कुलूप होते. ती बातमी वाचली तेव्हा मला आदिपर्वातला तो अध्याय आठवला. इमारतीचा आराखडा मालकाला ठाऊक असतो. वाट ठाऊक नसते ती रात्री आत झोपणाऱ्याला.

तयारीने काय होते त्याचा दाखलाही आपल्या काळातलाच आहे. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात मॉर्गन स्टॅन्ली या पेढीचा सुरक्षाप्रमुख रिक रेस्कॉर्ला नावाचा एक माजी सैनिक होता. १९९३ मध्ये त्या इमारतीत बाँबस्फोट झाल्यापासून त्याने कवायतींचा धोशा लावला होता. लठ्ठ पगाराचे साहेब कुरकुरत, पण जिने उतरत. ११ सप्टेंबर २००१ ला शेजारच्या मनोऱ्यावर विमान आदळले तेव्हा त्याच्या मनोऱ्यात ‘आपापल्या जागी परत जा’ अशी घोषणा झाली. त्याने ती मानली नाही. सुमारे २,७०० माणसे तो उतरवू लागला. जवळजवळ सगळी वाचली. उरलेल्यांसाठी तो पुन्हा वर गेला आणि परत आला नाही.

आता आपली घरे पाहा. जुन्या वाड्याला दिंडीदरवाजा होता, तसे परसदारही होते. पुढून अडले तर मागून निघता येई. आजच्या सदनिकेला एकच दार, आणि खिडक्या-गॅलऱ्यांना चोराच्या भीतीने जाळ्या. जिन्यात चपलांचे कपाट, मोडकी सायकल, रद्दीचा गठ्ठा आणि कुणाचा तरी जुना पलंग. ‘जिना काय, लिफ्ट आहे ना!’ असे म्हणतात. पण आगीत लिफ्ट वापरायची नसते, हे त्याच लिफ्टच्या दारावर लिहिलेले असते. महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे. कायद्याच्या कक्षेतल्या इमारतींनी अग्निशामक साधने चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. आपल्या सोसायटीचा शेवटचा दाखला कधीचा आहे, एवढे सचिवांना विचारून पाहा. प्रश्न सौम्य आवाजात विचारला तरी चालेल.

दिवाळी आली. पायऱ्यांवर पणत्या लागतील, आकाशकंदील टांगले जातील, मुले जिन्यात फुलबाज्या उडवतील. पणती ठेवण्यासाठी पायरी झाडालच, तर तो पलंगही हलवा. घरातल्या आजींना आणि लहानग्याला घेऊन एकदा लिफ्ट सोडून जिन्याने तळमजल्यापर्यंत उतरा. किती वेळ लागतो तो पाहा. धूर वर चढतो, म्हणून धुरात उभे राहायचे नाही, वाकून, भिंतीला धरून निघायचे. मागचे दार ओढून घ्यायचे. दागिने, कागद, चपला यांच्यासाठी परतायचे नाही, आणि १०१ या क्रमांकावर दुसरा कुणीतरी कळवील असे समजायचे नाही. हे एकदा मुलांना खेळ म्हणून करून दाखवले की पुरे.

आणि कधी खरेच धुराचा वास आला, तर पहिल्याने ओरडणारे आपण व्हा. शेजाऱ्याच्या दारावर थापा मारा, दंड धरून ओढा. दूध करपलेले निघाले तर सगळे हसतील. हसू द्या, हसायला सगळे खाली, मोकळ्या अंगणात असतील.