धरणाने गाव नेले, कागद कुणी नेला?

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की करमाळा तालुक्यातील कुगावचा इनामदारांचा वाडा उघडा पडतो आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. कुडामातीची घरे तेवढी पुन्हा वर येत नाहीत. धरण १९८० साली पूर्ण झाले. त्या घरांतील माणसांची तिसरी पिढी आज नव्या गावठाणात राहते आणि पक्क्या घरासाठी बँकेच्या दारात गेली की तिला सांगण्यात येते, 'आधी कागद आणा.'

कोणता कागद? जागा तारण ठेवायची तर बँकेचा वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतो, दुय्यम निबंधकाचे दप्तर धुंडाळतो. पुनर्वसनाची जागा मात्र कुणी विकत घेतलेली नसते, ती सरकारी आदेशाने मिळालेली असते. खरेदीखत नाही म्हणून मालकी संशयास्पद, असा शेरा मारणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे: ज्यांचे गाव सरकारने बुडवले त्यांनी खरेदीखत भीमेच्या तळाशी शोधावे काय?

या हक्काचा उगम वाटप आदेशात आहे. तो आणि ताबा पावती घरात नसेल तर पुनर्वसन शाखेकडे प्रमाणित नक्कल मागावी. तोंडी 'सापडत नाही' म्हटले तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज द्यावा. आदेश बहुधा आजोबांच्या नावे असतो, सबब वारसनोंदीचा फेरफार हवा. त्यात आत्यांची, बहिणींची नावे दडवू नयेत. प्रकरण पुढे तिथेच अडते, आणि बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांना ते शोभतही नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडावा, पण तो कर आकारणीचा कागद आहे, त्यावर मालकी सिद्ध होत नाही.

खरी मेख सातबाऱ्यावरच्या 'भोगवटादार वर्ग-२' या शेऱ्यात आहे. तो पाहताच बँकेतला साहेब फाईल मिटतो. वास्तविक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६(४) मध्ये वर्ग-२ च्या भोगवटादाराला सहकारी संस्था, स्टेट बँक व राष्ट्रीयीकृत बँकांकडे कर्जासाठी जमीन तारण ठेवण्याची मुभा आहे. कर्ज थकले तर ती जमीन जप्त करून विकण्याची तरतूदही त्याच पोटकलमात आहे. बँकेचा पैसा बुडण्याची भीती कायद्याने आधीच विचारात घेतली आहे. तरीही 'जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणा' म्हणून गरिबाला सोलापूरच्या खेपा घालायला लावणे, याला आम्ही अज्ञान म्हणावे की आणखी काही?

वतनाच्या जमिनींचे दुखणे याहून जुने. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, जमिनी परत दिल्या गेल्या, पण हस्तांतरावर बंधन ठेवून. ही अट सरसकट काढा, असे काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. या अटीमुळेच काही जमिनी सावकाराच्या घशात जाण्यापासून वाचल्या आहेत. अट विक्रीला आडवी यावी, घराच्या कर्जाला नव्हे.

तेव्हा अर्ज देताना कलम ३६(४) चा उल्लेख अर्जातच करावा, पोच घ्यावी, आणि नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागावा. तोंडी नकार ऐकून कुणीही परत फिरू नये.